टीईडब्ल्यूएलचा आकडा दर वेळी वेगळा का येतो? कोकणच्या हवेत त्वचेची मोजणी करणाऱ्यांसाठी

त्वचेतून वाफ होऊन किती पाणी जातं ते सांगणारा आकडा म्हणजे टीईडब्ल्यूएल. सकाळी कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, हाताच्या आतल्या बाजूला तो मोजला तर ८. जेवणानंतर त्याच जागी १९. दुसऱ्या दिवशी पावसाची सर पडून गेल्यावर ५, आणि प्रोब, म्हणजे यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग, उचलून पुन्हा टेकवला की १३. माणूस तोच, कातडी तीच, यंत्रही तेच. त्वचारोगाचा दवाखाना असो, फार्मसी कॉलेजची प्रयोगशाळा असो की कोकमतेलाची क्रीमं करणारा छोटा उद्योग, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांच्याकडून मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मला हीच तक्रार ऐकू येते. बहुतेक जण प्रोब बिघडला असं समजून तो कंपनीकडे पाठवतात. तिकडे तपासणीत काही निघत नाही, प्रोब परत येतो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू होतं.

मी किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात ही मोजणी करते. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडच्या हवेत प्रोबला सगळ्यात आधी खोली दिसते, मग घाम दिसतो, आणि या दोघांचा बंदोबस्त केल्यावरच त्वचा दिसते. दोष शोधायचा तो याच क्रमाने. यात हयगय झाली की धडधाकट त्वचेच्या माणसाला ‘तुमची त्वचा कमजोर आहे’ असं सांगितलं जातं आणि तो महिनोन्‌महिने महागडी मलमं घेत राहतो. उलट जिचे हात खरोखर फुटले आहेत तिला ‘काही विशेष नाही’ म्हणून परत पाठवलं जातं. ही दुसरी चूक मला जास्त सलते.

आकडा नेमका कशाचा?

घाम नसतानाही त्वचेतून पाणी वाफ होऊन सतत बाहेर पडत असतं. हेच ट्रान्सएपिडर्मल वॉटर लॉस, म्हणजे टीईडब्ल्यूएल. त्याला आवर घालतो तो त्वचेचा सगळ्यात वरचा थर, हाताच्या आतल्या बाजूला जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा. चिऱ्याच्या भिंतीसारखी त्याची रचना आहे: मृत पेशी हे चिरे, आणि त्यांच्या सांध्यांत सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड या स्निग्ध पदार्थांचा चुना. चिरे जागेवर असूनही सांधे पोकळ झाले की भिंत गळते. साबण, सोडा, माशाचं पाणी हे सगळे आधी सांध्यांनाच खातात.

ही गळती मोजणारा उघड्या नळीचा प्रोब स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या गर्ट निल्सन यांनी १९७७ साली मांडला. आजही बरीचशी यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. दोन्ही बाजूंनी उघडी अशी छोटी नळी त्वचेवर उभी टेकवायची. तिच्या आत दोन वेगवेगळ्या उंचींवर तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर असतात. खालच्या सेन्सरपाशी वाफ जास्त, वरच्यापाशी कमी. हा फरक किती, त्यावरून फिकच्या १८५५ सालच्या विसरणाच्या (डिफ्यूजनच्या) नियमाने किती ग्रॅम पाणी बाहेर पडतंय याचा हिशेब होतो. एकक आहे ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति तास.

नळी वरून उघडी आहे, ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. काही यंत्रांची नळी बंद असते. त्यांना वारा लागत नाही, पण दोन मोजण्यांच्या मध्ये आतली वाफ निघून जाऊ द्यावी लागते, आणि बाहेरची हवा मुळातच दमट असेल तर आतली जागा लवकर भरते. घामाचा त्रास मात्र दोन्ही प्रकारांना सारखाच.

दुपारी आकडा चढतो

हे बहुतेक वेळा घामाचं काम असतं. साधा हिशेब मांडून बघा. २० ते २२ अंशांच्या खोलीत निरोगी हाताच्या आतल्या बाजूला आकडा साधारण ५ ते १० येतो. ७ धरू. मोठ्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर धरलं तर दिवसभरात नकळत जाणारं पाणी ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं. आता मे महिन्यात झाडावरून आंबे उतरवणारा गडी घ्या. त्याला तासाला लिटरभर घाम सहज येऊ शकतो, म्हणजे चौरस मीटरमागे साडेपाचशे ग्रॅमच्या वर. त्याचा शंभरावा हिस्सा घाम हातावर पाझरत राहिला तरी ७ चे १२-१३ होतात. आणि एवढासा घाम डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. त्वचा कोरडीच वाटते. म्हणून ‘घाम नव्हता हो, मी हात लावून बघितलं’ या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

युरोपियन सोसायटी ऑफ कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या गटाने १९९० साली या मोजणीचे नियम घालून दिले, त्यात खोली २० ते २२ अंशांची ठेवण्यावर जोर आहे तो याचसाठी. त्याच्या वर गेलं की घामाच्या ग्रंथी जाग्या होतात. आपल्याकडे २८ अंशांना माणूस ‘आज बरं आहे’ म्हणतो. त्याच्या ग्रंथी मात्र केव्हाच कामाला लागलेल्या असतात.

ओळखायचं कसं? स्क्रीनवरची रेघ बघा. त्वचेची गळती खरोखर वाढली असेल तर रेघ वरच्या पातळीवर जाते आणि तिथे जवळपास सपाट राहते. घाम असेल तर ती दातेरी होते, उसळते, बसते, पुन्हा उसळते, कारण ग्रंथी थांबून थांबून घाम सोडतात. यंत्र सरासरीसोबत जे विचलन, म्हणजे आकडा किती वरखाली होतो ते, दाखवतं ते खाली यायलाच तयार नसेल, तर सरासरी लिहून घेऊ नका.

याहून पक्की खात्री हवी असेल तर मायनर यांची १९२८ सालची जुनी स्टार्च-आयोडीन चाचणी करा. मोजायची जागा सोडून शेजारी थोडं आयोडीनचं द्रावण लावायचं, वाळू द्यायचं, वर कॉर्नफ्लोअरची पातळ भुकटी टाकायची. जिथे जिथे घामाचं छिद्र उघडं आहे तिथे काळानिळा ठिपका उमटतो. ‘हात कोरडा ठणठणीत आहे’ म्हणणाऱ्यालाही हे ठिपके उमटताना दिसले की खोली थंड होईपर्यंत थांबायचं कारण दुसरं सांगावं लागत नाही. आयोडीनची अ‍ॅलर्जी आधी विचारा.

उपाय म्हणजे अंग निवू देणं. एसटीतून उतरून उन्हातून चालत आलेल्या माणसाला निदान अर्धा तास बसवा, आणि तेही मोजणीच्याच खोलीत, बाही वर सारून, हात उघडा ठेवून. बाहेरच्या बाकावर पंख्याखाली घालवलेला अर्धा तास यात धरायचा नाही. या वेळात टपरीवरचा गरम चहा नको, तंबाखू-विडी नको. आणि तळहात, कपाळ, काख इथे मोजून त्वचेच्या बळकटीबद्दल काही ठरवू नका. मन धास्तावलं तरी तिथे घाम सुटतो. तळहाताची कातडी चांगली जाड असते, तरी तिथला आकडा हाताच्या आतल्या बाजूपेक्षा वरच असतो.

पावसाळ्यात आकडा खाली बसतो, किंवा मनाला येईल तसा फिरतो

वाफ जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे जाते. त्वचेखाली, ३२ अंशांना, संपृक्त बाष्पदाब, म्हणजे जास्तीत जास्त वाफ असताना तिचा होणारा दाब, पावणेपाच किलोपास्कलच्या घरात असतो. खोली २२ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर हवेतला दाब १.३. फरक साडेतीनच्या आसपास. जुलैमध्ये खोलीत एसी नसेल, २८ अंश आणि ९० टक्के असेल, तर हवेतला दाब ३.४. फरक उरतो जेमतेम १.३५. म्हणजे पाण्याला बाहेर ढकलणारा जोरच निम्म्याहून कमी होतो. त्वचा तितकीच चांगली किंवा वाईट असताना आकडा खाली येतो.

म्हणजे उष्म्याने घाम वाढून आकडा वर जातो आणि दमटपणाने तो खाली ओढला जातो, आणि आपल्या किनाऱ्यावर हे दोन्ही एकाच वेळी चालतं. म्हणूनच ‘आमच्याकडे जास्त येतं, तर पाच वजा करून लिहा’ यासारख्या युक्त्या मला अजिबात पटत नाहीत. कोणत्या दिवशी कोणती चूक किती भारी पडली हे कळायला मार्गच नसतो. यंत्रासोबत येणारा चांगल्या-वाईट त्वचेचा तक्ताही थंड, कोरड्या खोलीसाठीच असतो. ३० अंशांत मोजून तो तक्ता वाचायचा नाही.

आता एसीबद्दल. ‘एसी २२ वर आहे’ म्हणजे खोली तयार आहे, असं बहुतेकांना वाटतं. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. २२ अंश आणि ५० टक्क्यांच्या हवेत ते १० ग्रॅमच्याही किंचित कमी. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतून अर्धा लिटरहून जास्त पाणी उपसून बाहेर टाकायचं आहे, आणि दार उघडलं की नवं पाणी आत येतंच. खोलीच्या मानाने एसी मोठा असेल तर तो खोली झटपट गार करून थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग काटा २२ दाखवतो आणि आर्द्रता ६५-७० वर बसून राहते. अशा वेळी मोजणीच्या बरंच आधीपासून एसी ड्राय मोडवर ठेवा, पंख्याचा वेग कमी ठेवा. पावसाळ्यासाठी वेगळा डिह्युमिडिफायर घेता आला तर फारच चांगलं, पण तो स्वतः उष्णता सोडतो, त्यामुळे एसी बंद करून चालत नाही.

बाकी घरगुती कारणंही कमी नाहीत. ओल्या छत्र्या आणि रेनकोट खोलीच्या बाहेर. सोबत आलेली माणसं बाहेर. नुकतीच पुसलेली फरशी नको. आणि आर्द्रतामापक एसीच्या तोंडाशी टांगायचा नाही, जिथे हात ठेवतो त्याच टेबलावर, त्याच उंचीवर ठेवायचा.

वाऱ्याचंही पाहा. उघड्या नळीच्या तोंडावरून झुळूक गेली की आतला वाफेचा थर मोडतो. छताचा पंखा बंद, एसीची पाती वरच्या दिशेला, आणि हाताभोवती वरून उघडं खोकं. पुठ्ठ्याचं चालतं. रुग्णाचा श्वास आणि मोजणाऱ्याचं बोलणं हाही वाराच. मोजणी चालू असताना विचारपूस थांबवावी.

प्रोब बाहेर नेला की वेडावाकडा चालतो

एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर धुकं धरतं, तेच इथे घडतं. ३० अंश आणि ८५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याहून थंड वस्तूवर दव धरतं ते तापमान, २७ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांच्या खोलीतला प्रोब वॉर्डात किंवा शिबिराच्या मांडवात नेला की त्याच्यावर, आतल्या सेन्सरवरसुद्धा, दव धरतं. त्यानंतर येणारे आकडे त्या दवाचे असतात. पुसू नका, फुंकर मारू नका. प्रोब टोपण लावून हवाबंद पिशवीत घालून न्या आणि तो बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. त्याहून चांगलं म्हणजे माणसाला प्रोबकडे आणा.

हात फुटलेले आहेत, आकडा मात्र छान येतो

कोळंबी सोलायच्या शेडमधून आमच्याकडे आलेल्या एका काकींचे हात मला अजून दिसतात. बोटांची टोकं पांढुरकी आणि सुरकुतलेली, नखांच्या कडा उललेल्या, अंगठ्याच्या पेरावर कोळंबीच्या काट्याने झालेल्या बारीक चिरा, आणि त्या चिरांत लिंबाची चुरचुर, कारण मासळीचा वास जावा म्हणून काम संपल्यावर सगळ्याच जणी हाताला लिंबू चोळतात. खुर्चीत टेकत त्या म्हणाल्या, “गो बाय, डॉक्टरांका हात दाखवूचे म्हणान साबणान घासून इलंय.”

आदरापोटी केलेली ही गोष्ट आहे, आणि मोजणीच्या दृष्टीने तिनेच सगळा घोटाळा होतो. धुतलेल्या त्वचेत वरच्या थराने पाणी शोषलेलं असतं. ते उडून जाईपर्यंत प्रोब तेच मोजतो आणि आकडा फुगतो. त्याच वेळी हात बर्फातून आलेला असेल तर उलटी गोष्ट घडते. थंड त्वचेतून पाणी कमी उडतं आणि आकडा पडतो. बर्फात काम करून थेट आलेल्या बाईच्या हाताच्या पाठीवर छान, निरोगी वाटावा असा आकडा येऊ शकतो. हात ऊब धरतो तसा तो वर चढतो. म्हणून त्वचेचं तापमान मोजल्याशिवाय अशा हाताचा आकडा ग्राह्य धरू नये. त्वचेचा थर्मामीटर नसेल तर निदान दोन्ही हातांची ऊब आपल्या हाताने पारखा आणि थांबा. काकींना आम्ही परत बोलावलं. सुटीच्या दिवशी सकाळी, आदल्या रात्रीपासून काहीही न लावता, आणि यायच्या आधी दोन-तीन तास हात पाण्यात न घालता. तेव्हाचा हाताच्या पाठीवरचा आकडा त्यांच्याच हाताच्या आतल्या बाजूच्या कितीतरी वर होता, आणि तोच खरा होता.

या कामात हात किती सोसतात याचं भान ठेवायला एक मोजमाप उपयोगी आहे: दिवसातून दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहत असतील तर जर्मनीच्या कामगार-सुरक्षा नियमांत ते ‘ओलं काम’ धरलं जातं. सोलणाऱ्या बाया हे दोन तास सकाळच्या चहाआधीच ओलांडतात. शिवाय कोळंबीतले आणि माशांतले प्रथिनं तोडणारे विकर त्वचेवर आपलं काम करतच असतात.

मच्छीमारांच्या बाबतीत मिठाचाही विचार करा. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत हे रोज दिसतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओढायला लागतं. होडीवरून आलेल्या माणसाच्या हातावर वाळलेला खार बाहेरच्या हवेत पाणी धरून ठेवतो आणि एसीच्या खोलीत आल्यावर ते सोडू लागतो. आदल्या संध्याकाळी गोड्या पाण्याने आंघोळ आणि सकाळी थेट दवाखाना, असंच सांगावं.

काजू फोडणाऱ्या बायांचं वेगळं. टरफलातलं तेल हाताला जाळतं म्हणून त्या आधीच तेल किंवा राख माखून बसतात. तेलाचा पापुद्रा असेपर्यंत आकडा खोटा कमी येतो. आणि जिथे चीर आहे, लस येते आहे तिथे प्रोब ठेवून काही उपयोग नाही, आकडा वर जाणारच. लावणीच्या दिवसांत चिखल्यांनी पायाच्या बोटांच्या बेचक्या सडतात, पण तिथे नळी नीट टेकतच नाही. ते डोळ्यांनीच बघायचं आणि औषध द्यायचं. यंत्र हाताशी आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी ते लावायचा हट्ट नको.

सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवणाऱ्या सिस्टरांनाही आधी सांगून ठेवा. स्पिरिट सांध्यांतला स्निग्धांश ओढतं आणि त्याची वाफ आर्द्रतेच्या सेन्सरलाही फसवते.

क्रीम लावल्यावर आकडा वाढला, किंवा चमत्कार झाल्यासारखा पडला

छोट्या उद्योगांकडून हा प्रश्न हमखास येतो. पाणी असलेली क्रीम लावली की पहिली काही मिनिटं तिच्यातलंच पाणी उडतं आणि आकडा चढतो. घाबरायचं कारण नाही. उलट व्हॅसलिन, कोकमतेल किंवा दाट मलम लावलं की आकडा लगेच खाली येतो. तेव्हा आनंदून ‘त्वचेचा बॅरिअर दुरुस्त झाला’ असं लेबलवर छापू नका. वर झाकण पडलं आहे, खालची भिंत अजून तशीच आहे. झाकणाचा उपयोग खराच आहे, फुटलेल्या टाचांवर कोकमतेल लावणाऱ्या आजीबाईंना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण दुरुस्ती सिद्ध करायची तर काही आठवडे रोज वापर करून, शेवटचं लावल्यानंतर निदान एक रात्र मध्ये जाऊ देऊन मोजावं लागतं.

त्याच हातावर काहीही न लावलेली एक जागा ठेवलीच पाहिजे. तिचा आकडा जितका हलला तितका हवेचा आणि खोलीचा, उरलेला बदल क्रीमचा. जागा निवडताना मनगटाजवळची टाळा, तिथे आकडा मुळातच जास्त येतो. आणि क्रीम नेहमी कोपराकडे, कोरी जागा नेहमी मनगटाकडे असं ठेवलं तर क्रीमला फुकटचं श्रेय मिळतं. माणसागणिक बाजू बदला. मोजणीची वेळ मात्र बदलू नका. संध्याकाळी आणि रात्री त्वचेतून पाणी जास्त जातं, तेव्हा सकाळची तुलना सकाळशीच.

आणखी एक गल्लत. त्वचा कोरडी आहे की ओलसर हे वेगळं मोजमाप आहे, ते कॉर्निओमीटरने मोजतात. खरखरीत त्वचेचा टीईडब्ल्यूएल ठीक असू शकतो आणि मऊ दिसणाऱ्या त्वचेचा वाईट.

बाळांबद्दल थोडंच लिहिते, कारण तो विषय दवाखान्यातच हाताळायचा आहे. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या अभ्यासात, २०१५ साली, जन्मानंतर दोन दिवसांनी आकडा जास्त असलेल्या बाळांना वर्षभरात एक्झिमा होण्याचा धोका अधिक दिसला. पण २०२० साली ब्रिटनमधल्या बीप या मोठ्या चाचणीत, जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावून एक्झिमा टळला नाही. तेव्हा तान्ह्या बाळाच्या एका आकड्यावरून आईला घाबरवू नका आणि त्या भीतीवर तेल-मलमही विकू नका. २० अंशांत तान्हं बाळ उघडं ठेवता येत नाही, रडताना मोजता येत नाही. झोपलेलं असताना, त्याला सोसेल अशा उबेत मोजायचं आणि ती ऊब आकड्याशेजारी लिहायची.

सगळं करूनही मेळ बसत नसेल तर

प्रोब कसा धरता ते बघा. हात टेबलावर आडवा, मोजायची जागा समतल, नळी सरळ उभी. ती तिरकी झाली की गरम हवा एका बाजूने वर चढते आणि फरक बिघडतो. दाब हलका आणि प्रत्येक वेळी सारखा. प्रोब मुठीत धरू नका, तळहाताची ऊब सेन्सरला पोचते. मागच्या दांड्याला धरा किंवा स्टँड वापरा. मिनिटभर तरी थांबा, पहिल्या काही सेकंदांचा आकडा टाकून द्या.

मग खोलीचा आर्द्रतामापक खरं बोलतो का ते तपासा. पाकिटातलं शुद्ध मीठ एका झाकणात घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, हवाबंद डब्यात मापकाशेजारी ठेवा आणि रात्रभर झाकण उघडू नका. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं. मिठागरातलं जाडं मीठ चालणार नाही, त्यातल्या मॅग्नेशियममुळे आकडा खाली येतो. मीठ मापकाला लागू देऊ नका. प्रोबवर मात्र हा प्रयोग करायचा नाही, त्याची तपासणी कंपनीच्या पद्धतीनेच व्हावी.

आणि रोज सकाळी पहिली मोजणी रुग्णाची नको. कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची त्वचा निरोगी आहे अशा एकाच व्यक्तीच्या हातावर, ठरलेल्या जागी मोजा आणि वहीत लिहा: वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता, त्वचेचं तापमान, आकडा. महिन्याभरात त्या व्यक्तीचा आकडा साधारण कुठे फिरतो ते कळतं. एखाद्या सकाळी तो त्याबाहेर गेला तर दोष त्या दिवशीच्या हवेत, एसीत किंवा प्रोबमध्ये आहे. एसी आणि खोली नीट असूनही तो सलग काही दिवस एकाच दिशेला सरकत राहिला, तर प्रोब कॅलिब्रेशनला पाठवायची वेळ झाली. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असाल तर खाऱ्या हवेमुळे ही वेळ लवकर येईल असं धरून चाला. वापर नसताना प्रोब टोपण लावून डब्यातच ठेवा, खिडकीपाशी नको.

लाइट गेली आणि एसी बंद पडला तर चालू मोजणी तिथेच थांबवा. लाइट आल्यावर खोली पुन्हा २२ अंश आणि पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बसलेल्या माणसालाही घाम आलेला असतो. त्याचा अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजा. जिथे एसीची सोयच नाही अशा गावच्या शिबिरात मी फक्त डिसेंबर-जानेवारीत, ऊन चढायच्या आत मोजते. तेही एकाच माणसाच्या दोन जागांची तुलना करण्यापुरतं, दुखरी जागा आणि शेजारची चांगली, दोन्ही पाठोपाठ. त्या कागदावर मी ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असा शेरा लिहीत नाही, दोन आकडे आणि हवेची नोंद लिहिते. एप्रिल-मेमध्ये तेवढंही करत नाही. तेव्हा हात बघून, कामाची चौकशी करून मिळणारी माहिती कोणत्याही आकड्यापेक्षा भरवशाची असते.